मुक्कामाची अट

नृत्यस्पर्धेच्या माहितीपत्रकात सर्वांत कमी वाचला जाणारा आणि पुष्कळदा सर्वांत महाग पडणारा मजकूर निवासव्यवस्थेविषयीचा असतो. गट, वेळमर्यादा, परीक्षक हे सारे आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. ‘राहण्याची सोय’ या शीर्षकाखालच्या चार ओळी मात्र सोय म्हणूनच वाचतो. आमचे म्हणणे असे की, अनेक स्पर्धांत ती आता सोय उरलेली नाही, ती अट झाली आहे. आणि अट म्हटली की ती कोणी घातली, कोणासाठी घातली आणि तिचा पैसा कोठे जातो, हे विचारणे भाग पडते.

अमेरिकेत ही अट आपल्या नावानिशी वावरते. ‘स्टे टू प्ले’ असे तिला म्हणतात. मराठीत तिचा आशय ‘उतरणे’ या एकाच क्रियापदात मावतो: आमच्या हॉटेलात उतराल तरच स्पर्धेत उतराल. मुलामुलींच्या क्रीडास्पर्धांत बोकाळलेली ही पद्धत चीअरलीडिंगमध्ये आणि नृत्यस्पर्धांतही आली. बॉलरूम नृत्याच्या तिकडच्या अनेक स्पर्धा तर हॉटेलच्याच दालनात भरतात. तेथे खोली, जेवण आणि स्पर्धेची तिकिटे यांचे एकत्र ‘पॅकेज’ विकले जाते. एका खोलीत दोघे राहणार की चौघे, यावर दर ठरतो. बाहेर राहणाऱ्याला मज्जाव नसला तरी काही ठिकाणी त्याच्याकडून वेगळा अधिभार घेतात.

असे का होते, हे पाहायला हवे. आयोजक लोभी आहेत एवढे म्हणून भागत नाही. आयोजक हॉटेलशी करार करतो तेव्हा तो काही खोल्या आपल्या नावे राखून ठेवतो. समजा, 300 खोल्या 3 रात्रींसाठी, म्हणजे 900 खोली-रात्री. अशा करारात बहुधा एक कलम असते, की यांतल्या अमुक टक्के, समजा 80 टक्के, खोल्या भरल्याच पाहिजेत. म्हणजे 720. पाहुणे 600 खोली-रात्रीच राहिले तर उरलेल्या 120 ची भरपाई आयोजकाच्या खिशातून जाते. उलट आकडा गाठला तर स्पर्धेचे दालन फुकट किंवा नाममात्र भाड्यात मिळते, ठरावीक खोल्यांमागे एखादी खोली परीक्षकांसाठी विनामूल्य मिळते, आणि काही करारांत प्रत्येक खोली-रात्रीमागे थोडी रक्कम आयोजकाकडे परतही येते. ही रक्कम अर्थात खोलीच्या भाड्यातच मिसळलेली असते. नर्तकाला वाटते आपण झोपण्याचे पैसे देतो आहोत. प्रत्यक्षात तो दालनाचे, परीक्षकांच्या मुक्कामाचे आणि क्वचित आयोजकाच्या नफ्याचेही पैसे देत असतो.

स्पर्धा आणि खाट यांचे हे नाते नवे मात्र नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी 1920 साली ईस्टरच्या सुमारास एम्प्रेस बॉलरूममध्ये नृत्यमहोत्सव सुरू झाला. पुढे जगभरच्या बॉलरूम नर्तकांचे ते पंढरपूर ठरले. हे गाव मुळात गिरणीकामगारांच्या उन्हाळी सुट्ट्यांवर जगणारे. घरगुती खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या यांनी भरलेले. हंगामाच्या आधी गावात माणसे यावीत, हे अशा गावाच्या पथ्यावर पडणारेच होते. पण येथे एक फरक ध्यानात घ्यावा. बॉलरूम एक, उतरायच्या जागा असंख्य. ज्याची जशी ऐपत तशी त्याने खोली शोधावी. नाचताना सगळे एकाच लाकडी जमिनीवर. गावाचा फायदा गावभर वाटला जात होता. ‘स्टे टू प्ले’ने नेमके हेच मोडले: खाटेची निवड गेली आणि तिच्याबरोबर ऐपतीप्रमाणे राहण्याची मुभाही गेली.

हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत पोहोचला, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. चीअरलीडिंग स्पर्धांच्या क्षेत्रातली सर्वांत बलाढ्य कंपनी व्हार्सिटी ब्रँड्स हिच्याविरुद्ध 2020 साली टेनेसी राज्यातील संघीय न्यायालयात मक्तेदारीविरोधी दावे दाखल झाले. त्यांतल्या अनेक तक्रारींपैकी एक हॉटेलच्या या सक्तीची होती. कंपनीने आरोप नाकारले. परंतु एका दाव्यात 4 कोटी 35 लाख डॉलरची आणि पालकांच्या वतीने केलेल्या दुसऱ्या दाव्यात 8 कोटी 25 लाख डॉलरची तडजोड झाली. तडजोड म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मान्य. तरी खोलीचे भाडे ही किरकोळ बाब नव्हे, एवढे त्यावरून दिसतेच.

आता आपल्याकडे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत आम्ही वर्षानुवर्षे संघ घेऊन जात आलो आहोत. यजमान विद्यापीठ वसतिगृहे रिकामी करून देते. गाद्या पातळ असतात, पाणी पहाटे पाचलाच संपते, आणि लोकनृत्याच्या मुली रांगेत उभ्या राहून एकमेकींच्या नऊवारीचे कासोटे घालून देतात. गैरसोय भरपूर, पण ती सर्वांना सारखी. खाजगी ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ नृत्यस्पर्धांची जी पत्रके अलीकडे आमच्या विद्यार्थिनी वाचायला आणतात, त्यांचा नूर निराळा आहे. प्रवेशशुल्क माफक, त्याखाली ‘निवास व भोजन शुल्क अनिवार्य’. सोबत येणाऱ्या पालकालाही ते लागू. अशाच एका स्पर्धेला जिल्ह्याच्या गावातली एक विद्यार्थिनी आईबरोबर जाणार होती. त्या शहरात तिची सख्खी मावशी राहते, स्पर्धेच्या सभागृहापासून दोन थांब्यांवर. मायलेकी मावशीकडे राहिल्या असत्या. तरीही दोघींचे तीन दिवसांचे निवासशुल्क भरल्याखेरीज प्रवेशिका स्वीकारली जाणार नव्हती. मुलगी स्पर्धेला गेली नाही. ती चांगली नाचते की नाही, हा प्रश्न परीक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही.

मावशीचे घर ही आपल्या समाजातली जुनी आणि भक्कम निवासव्यवस्था आहे. परगावी परीक्षा असो, मुलाखत असो की दवाखाना, गरीब घरची मुले अशाच घरांच्या आधाराने शिकली. ज्या नियमाला मावशी चालत नाही, तो नियम कोणाला बाहेर ठेवतो हे वेगळे सांगायला नको.

या पत्रकांची भाषाही वाचण्याजोगी आहे. व्याकरण शिकवणाऱ्यांनी ती वर्गात न्यावी. ‘खोल्या उपलब्धतेनुसार दिल्या जातील.’ ‘एकदा भरलेली रक्कम परत केली जाणार नाही.’ ‘ऐनवेळी बदल केला जाऊ शकतो.’ देणारा कोण, परत न करणारा कोण, बदलणारा कोण? कर्ता कोठेच नाही. नर्तकाची कर्तव्ये सांगताना मात्र वाक्यांत कर्ता एकदम हजर होतो: ‘स्पर्धकाने शुल्क भरावे’, ‘पालकाने ओळखपत्र आणावे’. आणि या सगळ्याच्या शिरोभागी ‘यजमान हॉटेल’ हा शब्द. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा, स्वतःच्या पदरचे खर्चून इतरांना जेवू घालणारा आणि वर दक्षिणा देणारा. येथे दक्षिणा पाहुण्याने द्यायची, तीही आगाऊ. आपल्या लग्नांत वऱ्हाडासाठी जानवसघर असे, आणि त्याचा खर्च सोसताना वधूपिता कर्जबाजारी होई. ती रीत वाईटच होती. पण तेथे निदान बोलावणारा कोण आणि खर्च करणारा कोण, याविषयी शब्दांची फसवाफसवी नव्हती.

आयोजकांची बाजू आम्हांला दिसत नाही असे नाही. अल्पवयीन मुली परगावी येतात तेव्हा त्या एका छताखाली, ओळखीच्या माणसांच्या नजरेसमोर असाव्यात, ही काळजी खरी आहे. पहाटे चारला रंगभूषेला बसायचे असेल तर सभागृहाजवळ राहणे सोयीचेच. सभागृहांची भाडी वाढली, प्रायोजक मिळत नाहीत, हेही खरे. पण सुरक्षेचा युक्तिवाद आईसोबत येणाऱ्या मुलीला लागू पडत नाही, आणि भाड्याचा युक्तिवाद लपवून करायचा नसतो. सभागृहाला पैसे हवेत तर प्रवेशशुल्क वाढवा आणि तसे लिहा. आकडा मोठा दिसेल, काही प्रवेशिका घटतील. पण घरी बसून हिशेब करणाऱ्या बापाला तो हिशेब करता येईल.

आमची मागणी लहान आहे. निवासशुल्क प्रवेशशुल्कापासून वेगळे आणि ऐच्छिक असावे. बाहेर राहणाऱ्याकडून सभागृहाच्या खर्चाचा वाटा घ्यायचाच असेल तर तो किती, हे छापावे. खोली रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळेल, हे कर्त्यासकट लिहावे: ‘आम्ही परत करू.’ हॉटेलकडून आयोजकांना काही सवलत वा रक्कम मिळत असेल तर तेही एका ओळीत सांगावे. आणि महाविद्यालयांच्या सांस्कृतिक समित्यांवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी अशा स्पर्धांच्या प्रवेशिकांवर प्राचार्यांची सही घेण्याआधी पत्रकाचे शेवटचे पान वाचावे. येत्या हंगामाची पत्रके दिवाळीनंतर येऊ लागतील.