पट्ट्यांवर चालणारं सगळंच रणगाडा नसतं!

मंडळी, आज जरा स्पष्ट लिहितो. राग आला तर कमेंटमध्ये बोला.

हिरवं धूड, खाली लोखंडी पट्टे, वर नळी. एवढं दिसलं की आपल्याकडे मथळा तयार : "रणगाडे सीमेकडे रवाना!" मग तो फोटो ग्रुपवर फिरतो आणि ज्या घरातला पोरगा फौजेत आहे, त्या घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही.

बाकीच्यांचं सोडा, आपण नगरकरांनी तरी असं करू नये. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र आपल्या शहरात, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचंही इथेच. रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उघडं आहे. पॅटन, सेंच्युरियन, विजयंता डोळ्यांसमोर उभे असताना आपण फरक शिकायचा नाही तर कुणी?

फरक फार अवघड नाही. टी-७२ ठेंगणा असतो. वरचं टरेट गोलसर, एका बाजूला सहा चाकं, तोफ १२५ मिलिमीटरची. अर्जुन थोराड. त्याचं टरेट चौकोनी, सपाट बाजूंचं, एका बाजूला सात चाकं, तोफ १२० मिलिमीटरची. हे झाले रणगाडे.

बीएमपी-२ मात्र रणगाडा नाही. वजन साधारण १४ टन, टरेट छोटं, नळी बारीक, ३० मिलिमीटरची. मागे दोन दारं असतात, त्यातून पायदळाचे जवान उतरतात. जवानांना लढाईच्या तोंडापर्यंत सुखरूप नेणं आणि त्यांना आधार देणं हे तिचं काम. रणगाड्यासारखी ती छातीवर गोळे झेलू शकत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती के-९ वज्र. टरेट अवाढव्य आणि मागे सरकलेलं, १५५ मिलिमीटरची लांबलचक नळी, नळीच्या टोकाला खाचांचा मझल ब्रेक. ती स्वतः चालणारी तोफ आहे. ती कित्येक किलोमीटर मागे राहून मारा करते, रणगाडा शत्रूच्या समोर जातो. म्हणजे चुकीच्या नावाने बातमीचा अर्थच उलटा होतो.

आता आतल्या माणसांचं. टी-७२ मध्ये तिघेच असतात. ड्रायव्हर पुढे मधोमध. झाकण बंद केलं की पेरिस्कोपच्या चिंचोळ्या काचेतून दिसेल तेवढंच त्याचं जग. वर डावीकडे गनर, उजवीकडे कमांडर. कमांडर लक्ष्य शोधतो, कोणता गोळा ते सांगतो, गनर नेम धरून डागतो, ड्रायव्हर जागा बदलतो. सगळं इंटरकॉमवर, इंजिनाच्या गोंगाटात. गोळा भरायला माणूस नाही, यंत्र आहे. २२ गोळे टरेटच्या तळाशी चक्रात मांडलेले असतात. एक माणूस वाचला, गाडी लहान झाली, पण दारूगोळा पायाखाली आला. युक्रेनमध्ये टरेट हवेत उडालेले रणगाडे आपण पाहिले, त्याचं मोठं कारण हेच. अर्जुनमध्ये चौथा माणूस, लोडर, असतो. तुटलेला पट्टा जोडताना, रात्री पहारा देताना त्या चौथ्याची किंमत कळते.

१९७१ ला बसंतरच्या लढाईत २१ वर्षांच्या अरुण खेत्रपालांना वीरमरण आलं, परमवीर चक्र मिळालं. त्यांचा सेंच्युरियनही चौघांचा होता. नाव आपल्याला एकच पाठ असतं.

म्हणूनच चिडतो. या माणसांचा जीव आपल्या मोबाईलमुळे धोक्यात येऊ शकतो. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी कारवाई आणि हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, असं सगळ्या माध्यमांना बजावलं. कारगिल, २६/११ आणि कंदाहारचे दाखले दिले. तरी त्यानंतरच्या दिवसांत आर्मा-३ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. म्हणजे एकीकडे खोटं पसरवायचं आणि दुसरीकडे खरं उघडं करायचं. दोन्हींत नुकसान आपलंच.

कुणी म्हणेल, मग ओळखायला तरी कशाला शिकवता? तर संग्रहालयातला आणि संचलनातला रणगाडा सगळ्यांसाठी आहे, त्यात गुपित काही नाही. गुपित आहे ते आज कोणती गाडी, किती, कुठल्या स्टेशनवरून, कुठे चालली ते. पहिलं शिका, दुसरं टाकू नका.

पत्रकार मित्रांना विनंती, खात्री नसेल तर सरळ "लष्करी वाहन" लिहा. त्यात कमीपणा नाही. शिक्षकांना विनंती, सहल संग्रहालयात नेली की पोरांना नुसते सेल्फी काढू देऊ नका. चाकं मोजायला लावा आणि आत किती माणसं बसत असतील ते विचारा.

आणि रेल्वेवर लादलेल्या गाड्या दिसल्या तर हात हलवा, जयहिंद म्हणा. मोबाईल खिशातच राहू द्या.