सातबारा त्याचा, हप्ते तिचे

कर्जमाफीचा विषय निघाला की महाराष्ट्रात सगळेच शेतकऱ्याचे कैवारी होतात. २०१७ ची माफी झाली, २०१९ ची झाली, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पुन्हा सातबारा कोरा करण्याची भाषा झाली. या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. शेती करणारे नवरा-बायको विभक्त होतात तेव्हा जमीन कोणाकडे राहते आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर बसते? प्रस्थापित पक्षांनी तो विचारला नाही यात नवल नाही. परंतु आपल्या चळवळीच्या व्यासपीठावरही तो येत नाही. 'घरातले भांडण' म्हणून गावातली चार मंडळी विहाराच्या ओट्यावर बसून ते मिटवतात, आणि मिटवतात म्हणजे बहुतेक वेळा बाईला रिकाम्या हाताने माहेरी पाठवतात.

एक हिशेब मांडून पाहू. यवतमाळ किंवा वाशिमकडचे कोणतेही बौद्ध कुटुंब डोळ्यासमोर आणा. तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. सातबारा नवऱ्याच्या नावे. सोसायटीचे पीककर्ज नवऱ्याच्या नावे, जामीनदार म्हणून बायकोची सही. तेवढ्याने भागले नाही म्हणून बायकोच्या नावे बचत गटातून चाळीस हजार उचलले. बोअर मारायला मायक्रोफायनान्सवाल्याकडून आणखी चाळीस हजार, तेही तिच्याच नावे, कारण हे लोक कर्ज देतात ते मुख्यतः बायकांनाच. मधल्या दुष्काळी वर्षी तिची पोत सोनाराकडे गहाण पडली ती सुटलीच नाही. आता दोघे वेगळे झाले. जमीन ज्याच्या नावावर त्याची राहिली. बैल, अवजारे, बोअर जमिनीबरोबर गेले. हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला मात्र तिच्या माहेरच्या दारात येऊन बसतो. गटातल्या बाया बोलतात ते वेगळेच, कारण एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या गळ्याशी येते. उद्या सोसायटी थकली तर जामीनदार म्हणून तिलाही नोटीस. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि घटस्फोटाने ती सुटत नाही. पैसा शेतात गेला, शेत नवऱ्याकडे राहिले आणि फेडणे तिच्या वाट्याला आले.

कायदा काय म्हणतो? आपले विवाह बौद्ध पद्धतीने होत असले तरी त्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो. (स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी करणाऱ्यांनी त्या मसुद्यात मालमत्तेचे कलम काय ठेवणार, हेही सांगावे.) संसारात दोघांनी मिळून उभे केलेले निम्मे-निम्मे करा, असे या कायद्यात कुठेही नाही. कलम २७ आहे, ते लग्नाच्या वेळी मिळालेल्या समाईक वस्तूंपुरते. कलम २५ आहे, ते पोटगीचे. म्हणजे जिने वीस वर्षे निंदणी-वेचणी केली ती त्या शेताची भागीदार नाही, मागणारी आहे.

यावर 'कायद्याला नवरा-बायको एक आहेत हे दिसतच नाही' असे म्हणावे तर तेही खरे नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने पती, पत्नी आणि अज्ञान मुले यांची जमीन एकत्र मोजली. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा सुरुवातीला कुटुंबाला लावली. २०१९ पासूनच्या पीएम-किसानमध्ये वर्षाचे सहा हजार मिळतात तेही पती, पत्नी आणि अज्ञान मुलांच्या कुटुंबाला धरून. सरकारला घ्यायचे किंवा कमी द्यायचे असते तेव्हा दोघे एक आणि बाईला वाटा द्यायची वेळ आली की प्रत्येकाचा सातबारा वेगळा! ही बेरीज-वजाबाकी अजाणतेपणी होते असे मला वाटत नाही.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. पत्नीला घटस्फोटाचा अधिकार कायद्याने मिळावा, असा ठराव आपल्या आया-आज्यांनी तिथे केला होता. तो अधिकार कायद्यात यायला १९५५ उजाडले, आणि त्याआधी हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांना मंत्रिपद सोडावे लागले. म्हणजे घटस्फोट मागणे हे आपल्याकडे कुळाला बट्टा लावणे नव्हे, ती चळवळीचीच मागणी आहे. मग सोडचिठ्ठीच्या स्टँपपेपरवर 'माझे काहीएक मागणे राहिले नाही' असे लिहून बाईचा अंगठा घेतला जातो, तेव्हा साक्षीदार म्हणून आपलेच कार्यकर्ते सही कशी करतात? रूढी सिद्ध झाल्याशिवाय त्या कागदाने घटस्फोटच होत नाही. आणि पूर्वीच्या कलम १२५ ची, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची पोटगी तसे लिहून दिल्याने बुडत नाही.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरली जाते आणि देणीही हिशेबात येतात. दिल्लीतही प्रयत्न झाला होता. पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केले. लोकसभेत ते आलेच नाही आणि २०१४ मध्ये बारगळले. त्यानंतर मासिक दीड हजाराची 'लाडकी बहीण' आली. दीड हजार बाईच्या हाती पडतात हे चांगलेच, पण त्या पैशातून ती नवऱ्याच्या बोअरचा हप्ता भरणार असेल तर लाडकी कोण, हे विचारावे लागेल.

नवा कायदा येईल तेव्हा येईल. आज हाताशी आहे ते तरी वापरले पाहिजे. नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगण्याची सक्ती केली. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पिके कोणती, तीन वर्षांचे उत्पन्न, बटाई, गुरेढोरे, जमिनीवरचे कर्ज, सगळे लिहायचे. नवरा सोसायटीचा थकबाकीचा दाखला जोडून 'मीच कर्जबाजारी' असे सांगतो, हे नेहमीचे. बाईच्या बाजूने मात्र गटाचे पासबुक, मायक्रोफायनान्सचे हप्त्याचे कार्ड, सोनाराची पावती कोणी जोडत नाही. ही कागदे जोडा. कर्ज तिच्या नावे असले तरी पैसा कुठे खर्च झाला ते लिहा. गहाण पडलेल्या पोतीबद्दलही बोला. स्त्रीधन नवऱ्याने अडचणीत वापरले तरी ते परत करणे त्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. कलम २५ खाली पोटगीचा बोजा जमिनीवर चढवून मागता येतो. तो हुकूम हाती आला की तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवून घ्या, नाहीतर जमीन भावाच्या नावे होऊन जाते. आणि पोटगीच्या बदल्यात जमीनच मिळत असेल तर तडजोडीत 'हयातीपुरती' हा शब्द घुसू देऊ नका. १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ ने तिला पूर्ण मालकी दिली आहे, ती त्या एका शब्दाने अडचणीत येते.

आपल्या समाजापुरता एक वेगळा मुद्दा. आपल्याकडची जमीन पुष्कळदा वडिलोपार्जित बागायत नसते. ती वतनाची असते, गायरानाची असते किंवा सरकारी योजनेतून मिळालेली. गायरान दोघांनी मिळून फोडले, दगड तिने वेचले, पण गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणदार म्हणून नाव लागले नवऱ्याचे. उद्या पट्टा मिळाला तर त्याच नोंदीवरून मिळणार. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ पासून चालणाऱ्या सबळीकरण योजनेत मात्र चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे होते. जे हिंदू विवाह कायद्याला जमले नाही ते या योजनेने केले. पण ही जमीन विकता येत नाही. मग दोघे विभक्त झाल्यावर वहिवाट कोणाची? २०१८ पूर्वी निम्मी रक्कम कर्जाऊ होती, ती थकबाकी कोणी भरायची? अशा प्रकरणात बाईला तहसीलमधून समाजकल्याणकडे आणि समाजकल्याणमधून पुन्हा तहसीलकडे पाठवले जाते, तोपर्यंत पेरणी नवराच उरकून घेतो. घटस्फोट झाल्यास दोघांच्या हिश्श्याची वहिवाट वेगळी नोंदवावी आणि जुन्या कर्जाची जबाबदारी ज्याच्या ताब्यात जितकी जमीन तितकी धरावी, असे लेखी आदेश सामाजिक न्याय विभागाने काढावेत. गायरानाच्या १-ई नोंदीतही पत्नीचे नाव लागावे. येत्या १४ एप्रिलला तहसीलवर जी निवेदने जातील त्यांत या दोन मागण्या असायला हव्यात आणि निवेदनाखाली ज्या बायकांच्या नावे हप्ते चालू आहेत त्यांच्या सह्या असायला हव्यात.