ध्वनिलहरी कुणाच्या?

अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्‌झ हा नभोवाणीचा पट्टा बिगर-व्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. त्यावरच्या अनेक लहान केंद्रांत आठवड्यातून एकदा कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी ग्रंथपाल आपल्या घरच्या ध्वनिमुद्रिकांची पिशवी घेऊन येतो आणि दोन तास निवेदन करतो. डोंगराळ मुलखातली जुनी गाणी, 'कंट्री', आणि त्यांच्या मागोमाग कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे 'सर्फ' गिटारवादन असा काहीसा विजोड वाटणारा त्याचा कार्यक्रम असतो. मोबदला मिळत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ कार्यकर्त्यांना हा सुखवस्तू माणसांचा छंद वाटेल. परंतु ध्वनिलहरींची मालकी कुणाची, आणि लोकांनी काय ऐकावे हे कुणी ठरवावे, हे दोन्ही प्रश्न या छंदात गुंतलेले आहेत.

शेतकऱ्यांचे आणि खाणकामगारांचे संगीत नभोवाणीवर आले ते मुळात माल खपवण्यासाठी. शिकागोचे डब्ल्यूएलएस केंद्र १९२४ साली सीअर्स-रोबक या व्यापारी पेढीने काढले. त्या आद्याक्षरांचा अर्थच 'जगातले सर्वांत मोठे दुकान' असा होता. नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम एका विमा कंपनीचे. 'ग्रँड ओल ऑप्री' हा तिथला प्रख्यात कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे, आणि त्याच्या लोकप्रियतेचा आधार घेऊनच कंपनीचे विमा-प्रतिनिधी खेड्यापाड्यांतील दारे ठोठावीत. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनी तर गाण्यांचीही वर्णव्यवस्था केली: काळ्यांच्या गाण्यांची यादी वेगळी, गोऱ्या 'हिलबिलीं'ची वेगळी. वस्तुतः बँजो हे वाद्यच आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचे. कार्टर कुटुंबाची गाणी 'शुद्ध' गोऱ्या परंपरेची म्हणून गाजली, पण ए. पी. कार्टर गाणी गोळा करीत हिंडत तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्या सोबत असे, आणि ऐकलेली चाल तोच लक्षात ठेवी. हक्क मात्र कार्टर यांच्या नावावर नोंदले गेले. ऑप्रीचा डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक १९४१ साली कामावरून काढला गेला. त्यानंतर त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर पोट भरले.

याच माध्यमाचा उलटा उपयोगही झाला. १९३७ साली लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या केंद्रावर वुडी गथ्री गाऊ लागला. धुळीच्या वादळांनी आणि सावकारांनी जमिनीवरून हुसकलेली ओक्लाहोमा-टेक्ससची कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीला आली होती. गावाकडच्या बोलीतला हा आवाज त्यांना आपला वाटला. हजारो पत्रे आली. गाणे तेच, चाली त्याच; बोलणारा मात्र विमा विकत नव्हता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांना किंवा अमरशेख-अण्णाभाऊंच्या शाहिरीला ज्यांनी श्रोत्यांतून पाहिले आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

सर्फ संगीताला या पंक्तीत का बसवायचे, असे विचारले जाईल. त्याला शब्द नाहीत, व्यथा नाही, लाटांवर खेळणाऱ्या पोरांचे ते संगीत. परंतु त्याचा अग्रणी डिक डेल हा लेबनीज वंशाचा होता, आणि १९६२ साली त्याने वाजवलेली 'मिसिर्लू' ही धून ग्रीक, अरब, ज्यू असा सारा पूर्व भूमध्य सागर ओलांडून आलेली आहे. स्थलांतरिताच्या घरातली चाल आणि फुलर्टनच्या कारखान्यात तयार झालेली फेंडरची विजेची गिटार यांच्या संयोगातून ते वादन जन्मले. दुकानाच्या फळीवर कंट्री एका टोकाला आणि सर्फ दुसऱ्या टोकाला असते. दोन्हींची सोयरीक दाखवायला जाणकार माणूस लागतो. श्रोत्याच्या कालच्या आवडीवरून उद्याचे गाणे काढून देणारे आजचे गणनयंत्र हे करू शकत नाही असे नाही. पण त्याला ते करण्याचे कारण नाही. त्याचे काम श्रोत्याला खिळवून ठेवण्याचे आहे.

असा निवेदक टिकतो तो कायद्यामुळे आणि वर्गणीमुळे. बर्कलीचे केपीएफए केंद्र १९४९ साली श्रोत्यांच्या वर्गणीवर उभे राहिले, हा त्या देशातला मोठाच प्रयोग होता. पुढे १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली, आणि काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनेलकडे १,२०० च्या आसपास केंद्रे जमा झाली. गावचा निवेदक गेला, दूरच्या शहरात आधीच मुद्रित केलेला आवाज आला. २००० साली १०० वॉटच्या छोट्या केंद्रांना परवाने देण्याचे ठरले, तेव्हा बड्या प्रक्षेपकांनी काँग्रेसकरवी ते रोखून धरले. नवलाची गोष्ट अशी की सार्वजनिक म्हणवणारी नॅशनल पब्लिक रेडिओही त्या विरोधात सामील होती. हे निर्बंध सैल व्हायला २०११ साल उजाडले. आणि २०२५ च्या जुलैमध्ये सार्वजनिक प्रक्षेपणाचा दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी काँग्रेसने रद्द केला. त्याची झळ महानगरांपेक्षा खेड्यांतल्या आणि आदिवासी वस्त्यांतल्या केंद्रांना अधिक लागणार हे उघड आहे, कारण तिथे वर्गणी देणारी माणसेच थोडी आणि गरीब.

या निवेदकाचे कौतुक करताना भाबडेपणा मात्र नको. विनावेतन श्रम ज्याला परवडतात तोच निवेदक होतो. रात्रपाळीच्या कामगाराला ते जमत नाही. दुसरे असे की अमेरिकेत नभोवाणीवर गाणे वाजले तर रचनाकाराला मानधन मिळते, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला मिळत नाही. लोकसंगीतात रचनाकार कोण हेच अनेकदा ठाऊक नसल्याने, ज्याने प्रथम नोंद केली त्याचे फावते. रिडलवर झालेला अन्याय असा कायद्यानेच कायम केला आहे.

आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. १९५२ साली माहितीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी अभिरुची सुधारण्याच्या भरात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि एका टूथपेस्टच्या नावाची साप्ताहिक गीतमाला देशभर घुमली. सरकारी मक्तेदारीने हाकललेला श्रोता जाहिरातदाराच्या ओसरीवर जाऊन बसला, आणि १९५७ साली विविध भारती काढून त्याला परत बोलवावे लागले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९५ सालचा. तरीही स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्राचे दार उघडायला २००६ उजाडावे लागले, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्या केंद्रांना आजही नाही.

तरी जे मिळाले आहे ते थोडे नाही. दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' चालते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत, आणि त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदलेले आहे. अशा ओव्यांचा साप्ताहिक कार्यक्रम गावोगावच्या केंद्रांवर चालावा, निवेदिका गावातलीच असावी, तिला त्या दिवसाची मजुरी मिळावी आणि गाणारीला मानधन. हा खर्च श्रोत्यांच्या वर्गणीतून भागणार नाही. माणमध्ये वर्गणी मागायला जाणाऱ्याने आधी पाणी पोचवावे. तेव्हा खासगी एफएम कंपन्या परवान्यापोटी सरकारला जे शुल्क देतात, त्यातला ठराविक हिस्सा कायद्याने या केंद्रांसाठी बाजूला काढावा, आणि तो वाटण्याचा अधिकार मंत्र्याकडे नसावा.