पन्नास रुपयांचे स्वदेशप्रेम

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा संकेत आहे. चकलीच्या ताटाशेजारी बसून अंक उघडणाऱ्या वाचकाला गोडधोडच हवे असते. परंतु माझा नाइलाज आहे. हे भांडण पुष्कळ दिवस मनात शिजते आहे आणि ते आपल्या सर्वांशी आहे. त्यात मीही आलोच.

युरोप पाहून आलेल्या मराठी माणसाच्या दोनच जाती मला आजवर आढळल्या. पहिली जात तेथील दुकानांच्या काचेला नाक लावून आलेली असते, "काय ती टापटीप!" हे पालुपद तिला पुढची दहा वर्षे पुरते. दुसरी जात त्याच काचेसमोर नाक मुरडून आलेली असते, "सगळा भोगवाद हो!" एवढे म्हटले की तिचे युरोपदर्शन संपते. एका पर्यटक-मंडळाबरोबर मी इटलीत मिलानला गेलो, तेथील बाजारपेठांतून तीन दिवस भटकलो, आणि या दोन्ही जातींनी काहीच पाहिलेले नाही, अशी माझी खात्री झाली.

तेथे मोठ्या चर्चच्या शेजारी काचेच्या छपराखालची एक पेठ आहे. राजा व्हित्तोरिओ इमान्युएले याने १८६५ साली तिचा पाया घातला. १८७७ साली ती पुरी झाली, आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला तिचा शिल्पकार मेंगोनी बांधकामावरून पडून मेला. तिच्या फरशीत तुरिन शहराचा बैल जडवलेला आहे. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून गिरकी घेतली की भाग्य उघडते म्हणे! गिरक्यांनी तेथे खळगा पडला आहे. आमच्या मंडळातील एका निवृत्त हेडमास्तरांनीही विजार सावरून तीन गिरक्या घेतल्या आणि मग आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही ना, ते पाहिले.

पण खरी पाहण्याची गोष्ट बैल नव्हे, पाट्या पाहाव्यात. ही पेठ शहराच्या नगरपालिकेची. दुकानदार कितीही बडा असो, तो येथे भाडेकरू. पाटी काळ्यावर सोनेरी अक्षरांचीच लावायची, हा नियम सर्वांना सारखा. वीस वर्षे तेथे ठाण मांडून बसलेल्या मॅकडोनाल्डला २०१२ साली उठावे लागले आणि त्या जागी प्राडा आले, ज्यांचे पहिले दुकान याच पेठेत १९१३ साली निघाले होते. यात संस्कृतीचा विजय किती आणि भाड्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेथून दहा मिनिटांवर मोन्तेनापोलिओने नावाचा रस्ता आहे. सरकारी कर्जाचा कारभार पाहणाऱ्या एका जुन्या पेढीवरून हे नाव आले. कर्जाच्या पेढीचे नाव इतक्या यथार्थपणे दुसऱ्या कोणत्याही रस्त्याला लाभले नसेल! २०२४ साली हा जगातील सर्वांत महाग बाजाररस्ता ठरला: एका चौरस मीटरला वर्षाचे २०,००० युरो. म्हणजे चहाचे टेबल मांडण्याइतक्या जागेला अठरा लाखांच्या आसपास. याच रस्त्यावर १९२९ पासून लोरेन्झींचे सुऱ्या, कात्र्या नि वस्तऱ्यांचे दुकान होते. ज्या दरीतून धार लावणारे गावोगाव जात, तेथून हे घराणे आलेले. २०१४ साली ते दुकान मिटले. कोव्हा (१८१७) आणि मार्केझी (१८२४) ही जुनी मिठाईघरे राहिली आहेत, पण आज त्यांचे मालक पिशव्या विकणारे आहेत.

भारावलेल्या पहिल्या जातीने आणखी एक गोष्ट ऐकून ठेवावी. २०२४ साली मिलानच्याच न्यायालयापुढे डिओरच्या एका उपकंपनीचे प्रकरण आले. दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या पिशवीच्या जुळणीसाठी, चामडे वगैरे कच्चा माल सोडून, कारखानदाराला ५३ युरो मिळत होते. आणि त्या कारखान्यांत परदेशी मजुरांची पिळवणूक चालली होती. न्यायालयाने उपकंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. टापटीप काचेच्या अलीकडे असते ती अशी.

मग दुसरी जात खरी? छे! तिने महिन्याच्या शेवटच्या रविवारी नाव्हिल्यो ग्रांदे या कालव्याकाठी यावे. जवळच धोब्यांची जुनी गल्ली आहे. कपडे घासायचे दगड छपराखाली अजून जपलेले आहेत. काठावर दूरवर जुन्या वस्तूंची दुकाने मांडलेली: घड्याळे, दिवे, बाहुल्या, दाराच्या मुठी. मी शिंप्याची एक कात्री उचलली आणि सवयीने भाव पाडून मागितली. म्हाताऱ्याने मान हलवली. भाव उतरवला नाही. पण ती कोठे घडली, तिचा खिळा कसा आवळायचा, हे अर्धे शब्दांनी नि अर्धे हातांनी पाच मिनिटे समजावले. मी निमूट पूर्ण पैसे दिले. रुपयांत हिशेबही केला नाही.

आणि रात्री झोप आली नाही.

कारण त्याच्या काही वर्षे आधी कोल्हापूरजवळच्या एका गावी ओट्यावर चपला शिवीत बसलेल्या कारागिराशी मी अर्धा तास हुज्जत घातली होती. वेणी त्याने स्वतः घातलेली, टाके चामड्याच्या वादीचे. तेथे मी कोठे घडली, कशी घडली, काही विचारले नाही. पन्नास रुपये कमी केले आणि घरी येऊन ती फुशारकी सांगितली!

जून २०२५ मध्ये याच मिलानमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. आपण खवळलो. योग्यच खवळलो, २०१९ पासून त्या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. त्यांना उगम मान्य करावा लागला. डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला: दोन हजार जोड येथे घडवायचे, किंमत सुमारे ८०० युरो. त्यांतले कारागिराच्या हाती किती पडणार, हे खडसावून विचारायलाच हवे. पण विचारणार कोण? पन्नास रुपयांची फुशारकी मारणारे आपण?

"घासाघीस ही बाजाराची रीतच आहे," असे कोणी म्हणेल. व्यापाऱ्याशी खुशाल करा. तो आधीच वाढवून सांगतो. ज्याला परवडतच नाही, त्याच्याशीही माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते पाटी पाहून खिसा सैल सोडणाऱ्याशी आणि घडवणारा समोर बसला की मूठ आवळणाऱ्याशी.

परत आल्यावर मी त्या गावी गेलो. पन्नास रुपये द्यायचे होते म्हणा, किंवा नुसते तोंड दाखवायचे होते म्हणा. ओट्यावर मोबाइलचे दुकान होते. चपला शिवणारा धंदा सोडून मुलाकडे शहरात गेल्याचे कळले. मोन्तेनापोलिओनेवर कारागिराचे दुकान महागड्या शेजाराने गिळले असेल. येथे ते गिऱ्हाइकाने मिटवले. त्या गिऱ्हाइकांत एक मी होतो.

आता पणत्या घ्यायला बाहेर पडाल. कुंभारीण टोपली घेऊन बसलेली असेल. ती सांगेल तो भाव द्या, आणि माती कोठून आणता, एवढे तिला विचारा.