लस द्याच, पण बाळ आईच्या कुशीत असू द्या

दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया टोचतात. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, दंडावर पोलिओची. लसी हव्यातच, त्यावर वाद नको. माझं म्हणणं टोचण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

परवा एका अंगणवाडीत लसीकरण बघितलं. बाळ टेबलावर उताणं, आजीने पाय दाबून धरलेले, आई दाराबाहेर. का, तर तिला बघवत नाही. पोर लालबुंद होऊन रडत होतं. आजी म्हणाल्या, "रडू दे, एवढ्याशा जिवाला काय कळतंय!"

आजींना कशाला बोला? १९८० च्या दशकापर्यंत परदेशातले मोठे मोठे डॉक्टरही हेच धरून चालायचे. नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता व्हायची. इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की वेदनेचा घाव बाळाच्या शरीरावर बसतो आणि नीट भूल दिली तर ते जास्त चांगलं सावरतं.

सुईचं दुखणं कमी करायला तर औषधही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय: बाळ आईच्या कुशीत हवं, अंगावर पीत असतानाच टोचा, जास्त दुखणारी लस शेवटी द्या, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून बघू नका. तोंडाचे थेंब आधी, मग बाळाला पाजायला घ्या, की सुया. खर्च शून्य रुपये.

मग होत का नाही? नर्सताईंना दोष देणं सोपं आहे. एकटी बाई, समोर पोरांची रांग, वर नोंदी भरायच्या. खरी अडचण वेगळीच आहे. एका खोलीत गावातली माणसं उभी, तिथे आई पदराखाली घेणार कशी? साधा आडोसा नाही, टेकून बसायला खुर्ची नाही. आणि पोर फार रडलं की घरचे पुढच्या डोसला टाळाटाळ करतात, हे आशाताईंना विचारा.

सरपंच, ग्रामसेवक, सदस्य मंडळी, स्वागत कमानीला पैसे निघतात. अंगणवाडीसाठी एक पडदा आणि दोन हातांच्या खुर्च्या पुढच्या मासिक सभेत मंजूर करा. ज्या गावात होईल तिथला फोटो पाठवा, इथेच टाकतो.