एक सिस्टर, चाळीस खाटा

सरकारी इस्पितळात रुग्णाच्या सोबतीला कधी रात्र काढली असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचे असेल. वॉर्ड गच्च भरलेला, खाटांच्या मधल्या जागेतही गाद्या टाकलेल्या आणि एवढ्या सगळ्यांसाठी एकच सिस्टर. सलाइनची बाटली संपत आली म्हणून रुग्णाची बायको धावत जाते. सिस्टर दुसऱ्या टोकाला कोणाला तरी इंजेक्शन देत असते. ‘आले हं,’ म्हणते आणि वीस मिनिटे येत नाही. मग ‘या सिस्टर भारी उर्मट,’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. तिच्या अंगावर किती रुग्ण आहेत, हे मात्र आपण मोजत नाही.

मोजायला माप आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या दंडकानुसार शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. शिवाय रजा-आजारपणासाठी ३० टक्के जादा. पण हा दंडक राहिला शिफारशीपुरता.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने शिफारशीवर समाधान मानले नाही. वर्षानुवर्षे लढून १९९९ मध्ये कायदा करून घेतला. २००४ पासून तो अमलात आला. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे २ पेक्षा जास्त रुग्ण नकोत, साध्या वॉर्डात आधी ६ आणि २००५ पासून ५. खर्च वाढेल, अशी ओरड रुग्णालयांनी केली. तेव्हाचे गव्हर्नर, सिनेनट अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पाचाचा नियम लांबणीवर टाकला. परिचारिका रस्त्यावर उतरल्या, न्यायालयातही गेल्या. २००५ मध्ये गव्हर्नरांना माघार घ्यावी लागली.

हा हट्ट केवळ स्वतःच्या सोयीसाठी नव्हता. पेनसिल्व्हानियातील १६८ रुग्णालयांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. परिचारिकेकडे एकेक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांना महिन्याभरात मृत्यू येण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असे तीत आढळले.

आपल्याकडे मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला. अशा वेळी ‘रुग्णांना वेठीला धरले’ हे वाक्य ठरलेलेच. संपात रुग्णांचे हाल होतात, हे खरेच आहे. पण एका सिस्टरवर चाळीस खाटा सोपवल्या की तेच हाल रोज रात्री होतात. त्याची बातमी होत नाही, एवढेच.

तेव्हा पुढच्या खेपेस इस्पितळाच्या तक्रारवहीत सिस्टरचे नाव लिहिण्याआधी वॉर्डातले रुग्ण मोजा आणि तो आकडा लिहा. तिच्या संघटनेची मागणी आणि आपल्या माणसाचा जीव, दोन्ही त्याच आकड्यात आहेत.