सायकलीत पेंढा भरणारे

दिवाळीची साफसफाई निघाली, की जिन्याखालची आजोबांची सायकल उजेडात येते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, छान रंगवून दिवाणखान्यात टांगा. पहिला पक्ष निदान प्रामाणिक आहे. माझे भांडण आहे ते दुसऱ्याशी! मेलेल्या वाघात पेंढा भरावा, तशी ही मंडळी सायकलीत पेंढा भरतात आणि वर त्याला जीर्णोद्धार म्हणतात. अहो, जीर्णोद्धार झालेल्या देवळात पुन्हा घंटा वाजते. मग सायकलीचीच घंटा मुकी का?

या पक्षाची एक सोवळी शाखाही आहे. तिला मूळचा स्क्रूसुद्धा बदललेला खपत नाही. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेची क्रोम चढवलेली पोलादी रिम दिसते झकास. पण पावसात तिच्यावर ब्रेकची रबरे नुसती घसरतात. उतारावरच्या माणसाने त्या चकाकीचे काय करायचे? तारेचे ब्रेक असतील तर मापाची ॲल्युमिनियमची रिम खुशाल घाला. स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब १९०२ सालचा. नॉटिंगहॅमचा त्यांचा कारखाना २००० साली बंद पडला, धंदा तैवानला गेला, पण तसे हब आजही बनतात. आणि जुन्या हबला बहुधा चार थेंब तेलच हवे असते. त्यासाठी अंगावर छोटे टोपणही दिलेले असते.

मात्र याचा अर्थ करवत घेऊन बसा, असा नव्हे. जुन्या सांगाड्याच्या नळ्या खोबणीत बसवून, पितळ वितळवून सांधलेल्या असतात. १९३५ पासून निघालेल्या रेनॉल्ड्स ५३१ सारख्या नळ्या तर मधल्या भागात मुद्दाम पातळ ठेवलेल्या. त्यांवर फाटकाच्या वेल्डिंगची ठिणगी पाडणे म्हणजे सांधा दुबळा करणे. नियम सोपा आहे : जे पाना लावून सुटते ते बदला; जे आगीतून जोडले आहे ते सांभाळा. नळी वाकलीच, तर जाणत्या हाताखाली पोलाद पुन्हा सरळ होते.

आणि तो जाणता हात, हाच खरा प्रश्न आहे. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. पायडलच्या दांड्याची गंजलेली कॉटर पिन डोके न चेपता कशी काढावी, हे कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ठाऊक असे. ही विद्या पुस्तकातून येत नाही. गिऱ्हाइकाच्या सायकलीवरच ती जगते. भिंतीवरच्या सायकलीला मिस्त्री लागत नाही, लागतो तो खिळा! आपण एकेक सायकल टांगतो, तसतसा एकेक मिस्त्री दुकानाची फळी लावतो.

म्हणून यंदा रंगाच्या डब्याआधी टायर-ट्यूब आणा. उंचीला बसत असेल तर सायकल नातीच्या हाती द्या. दारापुढच्या रांगोळीला वळसा घालून ती रस्त्याला लागू दे. ओरखडे पडतील. पडोत! आजोबांनी तरी कुठे ती पुसायला घेतली होती?